शब्द हरपले तेव्हाची प्रार्थना

माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला आणि मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली. शरीराची उजवी बाजू लुळी पडली, आणि बोलणंही गेलं. आम्ही बोललेलं बरंचसं ह्यांना कळायचं, माणसं ओळखू यायची, पण हवा तो शब्द ओठांपर्यंत येत नसे. याला वाचाघात म्हणतात. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ साली मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात बोलण्याशी जोडलेली एक जागा दाखवून दिली होती. ह्यांना मार बसला तो नेमका तिथेच. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून मला हे समजावलं. किती बोलणं परत येईल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

हे आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षानुवर्षं शास्त्रवाचन करायचे. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. त्याच माणसाला पाणी हवं असेल तर ते बोटाने दाखवावं लागत होतं, आणि मला पटकन उमगलं नाही की त्यांचे डोळे भरून यायचे. विश्वासातून धीर मिळाला असं मी आज म्हणते, तेव्हा तो कसकसा मिळाला ते मला नीट सांगायचं आहे. कारण तो ज्या वाटेने येईल असं सगळ्यांना वाटत होतं, त्या वाटेने तो आला नाही.

पहिल्या आठवड्यात फोनवर वचनांचा पाऊस पडला. पाठवणाऱ्यांचं प्रेम खरं होतं, त्याबद्दल मनात किंतु नाही. सगळ्यांत जास्त वेळा आलं ते बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, २९ व्या अध्यायातलं ११ वं वचन: परमेश्वराचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. मला ते वाचवेना. एका रात्री रुग्णालयात ह्यांच्या उशाशी बसून मी तो सबंध अध्याय उघडला. ते वचन एका पत्रातलं आहे. यरुशलेमेहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पत्र पाठवलं. हनन्यासारखे संदेष्टे लोकांना सांगत होते की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया लिहितो, सत्तर वर्षं लागतील. घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आणि हे सगळं सांगून झाल्यावर ते हिताच्या संकल्पांचं वचन येतं.

त्या रात्री मला पहिल्यांदा हायसं वाटलं. आश्चर्य वाटेल, पण सत्तर वर्षांच्या आकड्याने वाटलं. देव त्या लोकांना खोटी तारीख देत नव्हता. ज्यांनी पत्र ऐकलं त्यांतल्या कितीतरी जणांना परतीची वाट दिसणारच नव्हती, तरी संकल्प हिताचे आहेत हे त्यांनाही लागू होतं. मग मी घराकडे त्याच नजरेने बघायला लागले. हे घरी येण्याआधी न्हाणीघरात आणि पलंगाशेजारी धरायच्या दांड्या बसवून घेतल्या. दारातला उंबरठा काढला. रोजच्या लागणाऱ्या वस्तूंची चित्रं चिकटवून एक पाटी केली, म्हणजे ह्यांना बोट ठेवून सांगता येईल. यात कुणाला विश्वासाची कमतरता दिसली. “बरे होणारच आहेत, मग एवढं कशाला?” असं एकीने विचारलंही. मला मात्र दांड्या बसवताना यिर्मयाच्या पत्राचं पालन करतोय असंच वाटत होतं.

घरी आल्यावर पाळकीणबाई, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या पत्नी, आल्या. त्यांनी आधी विचारलं, “तू जेवलीस का?” मी काहीतरी उत्तर दिलं, ते त्यांना पटलं नाही. त्या उठल्या, भांडी घासली, मला जेवायला वाढलं आणि माझं जेवण होईपर्यंत ह्यांच्याजवळ बसल्या. निघताना म्हणाल्या, “एक स्तोत्र वाचू का? लहानसं आहे.” आणि त्यांनी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र वाचलं. सहाच ओव्या. “हे परमेश्वरा, तू मला कोठवर विसरणार?” अशी त्याची सुरुवात. कोठवर, हा प्रश्न पहिल्या दोनच ओव्यांत चार वेळा येतो. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं नाही. ह्यांच्या पलंगावर ते तसंच उघडं ठेवलं आणि मला म्हणाल्या, “रोज सकाळी एक विलापस्तोत्र मोठ्याने वाच. तुला जे बोलायचंय ते त्यात आधीच लिहिलेलं आहे.”

तिथून आमचा क्रम सुरू झाला. व्यायामाला माणूस येण्याआधी मी ह्यांना उशीला टेकवून बसवायची आणि वाचायची. दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं किती आहेत हे मला इतकी वर्षं मंडळीत राहूनही कधी जाणवलं नव्हतं. उपासनेत आपण बहुतेक स्तुतीची आणि उपकारांची गातो. विलापाच्या स्तोत्रांची मात्र एक ठरलेली चाल असते, आणि रोज वाचलं की ती अंगवळणी पडते. आधी देवाला हाक. मग तक्रार, आणि ती अगदी मोकळी: तू झोपलास का, तोंड का लपवलंस, माझी हाडं जळताहेत, माझे अश्रू हेच माझं अन्न झालंय. मग मागणं. आणि मग, कधी एकाएकी, कधी अडखळत, भरवशाचं एखादं वाक्य. बेचाळिसाव्या आणि त्रेचाळिसाव्या स्तोत्रात तर माणूस स्वतःच्याच जिवाला जाब विचारतो: “हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? तू आतल्या आत का तळमळत आहेस?” आणि स्वतःलाच सांगतो, देवाची आशा धर. एकदा सांगून भागत नाही. दोन स्तोत्रांत मिळून हेच तो तीनदा सांगतो. मला त्या तीनदाचा फार आधार वाटला. एकदा आशा धरली आणि ती टिकली, असं त्याचंही झालेलं नाही.

अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रापाशी आम्ही पोचलो तेव्हा मी थांबले होते. त्यात शेवटी उजाडत नाही. हेमान एज्राही याच्या नावावर असलेलं ते स्तोत्र देवाला रात्रंदिवस हाक मारतं आणि अंधारातच संपतं. ठरलेलं भरवशाचं वाक्य येतच नाही. मी ते मनात वाचून पुढे जाणार होते. पण ह्यांनी डाव्या हाताने पानावर बोट ठेवलं. मग मी ते मोठ्याने वाचलं. वाचताना माझा आवाज चढला, आणि एका जागी मी वाचणं सोडून देवाशी भांडायलाच लागले: ज्याने तुझं वचन वाचण्यात आयुष्य घातलं, त्याचीच वाचा नेलीस? हे ऐकत होते. मला वाटलं ते घाबरतील. त्यांनी माझा हात धरला आणि मान हलवत राहिले, हो, हो, अशी. माझ्याइतकंच तेही भांडत होते. त्यांच्याकडे फक्त शब्द नव्हते. त्या दिवसापर्यंत मी त्यांच्यासमोर उसनं हसू आणून वावरत होते आणि तेही माझ्यासाठी तेच करत होते. ते त्या सकाळी संपलं. हे स्तोत्र पवित्र शास्त्रात ठेवणाऱ्यांचे मी मनापासून उपकार मानते. असं बोललेलं देवाला चालतं याची ती लेखी परवानगी आहे. आणि वधस्तंभावरून प्रभू येशूने बाविसाव्या स्तोत्राचाच आकांत केला, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” तेव्हा अशी प्रार्थना करणारा एकटा कधीच नसतो.

पुढे पाळकसाहेब प्रभुभोजन, म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि द्राक्षरस, घेऊन घरी आले. आम्ही चारपाच माणसं पलंगाभोवती उभी होतो. प्रभूची प्रार्थना सुरू झाली, “हे आमच्या स्वर्गातील पित्या,” आणि माझ्या डाव्या हाताला एक आवाज उमटला. जाड, घसरता, पण ओळखीचा. “तुझे राज्य येवो.” हे म्हणत होते. “आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.” सगळ्यांचे आवाज हळूहळू थांबले आणि ह्यांचा पुढे चालू राहिला, मधेमधे एखादा शब्द गाळत, थेट “आमेन” पर्यंत. मग मी विचारलं, पाणी हवंय का? तर “पाणी” हा शब्द काही आला नाही.

काहींनी याला चमत्कार म्हटलं. मी वाचाउपचार करणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की वाचाघातात हे पुष्कळदा दिसतं. विचार करून जुळवलेलं वाक्य हरपतं, पण पाठ असलेलं, हजारदा म्हटलेलं बोलणं कित्येकदा शाबूत असतं: आकडे, वार, प्रार्थना आणि विशेषतः गाणी. गाण्याच्या कामात मेंदूची उजवी बाजूही मोठा भाग घेते. याच आधारावर १९७० च्या दशकात सुरावर शब्द चढवून बोलणं शिकवायची एक उपचारपद्धतीही तयार झाली. डाव्या हाताने ठेका धरायचा आणि छोटं वाक्य सुरात म्हणायचं. हे ऐकल्याने माझा आनंद तसूभरही कमी झाला नाही. देवाने माणसाचा मेंदू असा घडवला आहे की लहानपणी आईने झोपताना म्हणून घेतलेली प्रार्थना इतक्या खोल जागी राहावी की झटक्याचा हातही तिथपर्यंत पोचू नये, याहून अधिक मला काय हवं होतं? (घरात लहान मुलं असतील तर त्यांच्याकडून वचनं आणि गीतं पाठ करून घ्या, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. अर्थ पुढे कळेल.)

त्या बाईंच्या सल्ल्याने आम्ही ह्यांच्या पाठातल्या गीतांपासून सुरुवात केली. त्यातली एकेक ओळ मी सुरू करायची आणि शेवटचा शब्द ह्यांच्यासाठी सोडायचा. मग तशाच सुरात रोजची वाक्यं. “पाणी दे” हे ह्यांनी पहिल्यांदा म्हटलं ते एका जुन्या गीताच्या चालीवर.

यानंतर सगळं सोपं होत गेलं असं वाटेल. तसं झालं नाही. जरा शब्द यायला लागले आणि ह्यांचं मन खचलं. जेवण कमी झालं, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, व्यायामाला नकार. भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी ह्यांच्यासमोरच सुनावलं की ख्रिस्ती माणसाने असं निराश होणं म्हणजे विश्वास डळमळणं. ते गेल्यावर हे दिवसभर रडले. मला आजही त्याचा राग आहे. पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना नैराश्य येतं; ते मेंदूला झालेल्या इजेशीही जोडलेलं असतं आणि त्यावर औषध आहे. आम्ही डॉक्टरांना सांगितलं, औषध सुरू झालं, काही आठवड्यांनी फरक दिसायला लागला.

त्या आठवड्यांत मी ह्यांना बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय वाचून दाखवला. कर्मेल डोंगरावर देवाचा अग्नी उतरलेला पाहणारा एलीया संदेष्टा, ईजबेल राणीच्या धमकीने पळत सुटतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. देवदूत त्याला उपदेश करत नाही, कर्मेलची आठवणही करून देत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवतो, उठवतो, ऊठ, खा म्हणतो. एलीया खाऊन पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो तेव्हा म्हणतो, वाट तुला फार लांब आहे. होरेब डोंगरावर त्याला ऐकू आलेली देवाची मंद वाणी फार पुढची गोष्ट. आधी जेवण आणि झोप. हे ऐकताना ह्यांनी “झोप” हा शब्द माझ्यामागून म्हटला, आणि आम्ही दोघंही हसलो.

पाळकसाहेबांनी ह्यांना चार्ल्स स्पर्जनांविषयी सांगितलं. लंडनचे हे नामांकित उपदेशक. १८५६ मध्ये त्यांच्या सभेत कुणीतरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली, चेंगराचेंगरीत सात माणसं गेली. स्पर्जन तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. त्या घटनेचा घाव त्यांच्या मनावर राहिला आणि नैराश्य त्यांना आयुष्यभर अधूनमधून गाठत राहिलं. त्यांनी ते व्यासपीठावरून कधी लपवलं नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली; त्यांतही देव जवळ नसल्याच्या जाणिवेची कित्येक दशकं आहेत, आणि त्याच दशकांत त्यांची सेवा चालू होती. अशी नावं ऐकून आजार बरा होत नाही. पण आपण विश्वासातून बाहेर फेकले गेलो आहोत, ही ह्यांच्या मनातली जी भीती होती ती ओसरली.

माझं काय? ह्यांचं मन उभारी धरायला लागलं आणि मी कोसळले. प्रार्थना होईना. पुस्तक उघडायची, अक्षरं दिसायची, आत काही उतरायचं नाही. तेव्हा मंडळीतल्या बायकांनी आठवड्याचे वार वाटून घेतले. एक जण दुपारी ह्यांच्याजवळ बसायची, म्हणजे मी झोपेन. एक जण कपडे नेऊन धुऊन आणायची. एक वयस्क मावशी नुसती येऊन माझ्यासाठी प्रार्थना करायच्या, मला तोंड उघडायला न लावता. मी त्यांना म्हटलं, “मावशी, मला आता विश्वासच उरला नाहीसं वाटतं.” त्या म्हणाल्या, “मग काही दिवस आमच्यावर चाल.”

मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती मी शेकडो वेळा ऐकला होता. चौघं त्याला उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही, तर छप्पर उसकून बाज खाली सोडतात. आणि तिथे लिहिलं आहे की येशूने “त्यांचा विश्वास पाहून” त्याच्याशी बोलणं केलं. त्यांचा. बाजेवरचा माणूस त्या क्षणी काय मानत होता याची चौकशी झालेली नाही. आमच्या घरात एक बाज होती, आणि खरं तर आम्ही दोघंही तिच्यावर होतो. उचलणारे हात मला माणसांगणिक ओळखता येत होते. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की आपण कशी प्रार्थना करावी हे आपल्याला ठाऊक नसतं तेव्हा पवित्र आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. शब्द हरपलेल्या घरात हे वचन कसं उतरलं, ते मला आणखी फोड करून सांगता येणार नाही.

पूर्ण बरं होण्याविषयी मला पुष्कळ जण विचारतात. मागणं थांबवलेलं नाही. पौलाने शरीरातल्या काट्याविषयी तीनदा विनंती केली, काटा गेला नाही, उत्तर मिळालं, “माझी कृपा तुला पुरे आहे.” हे उत्तर दुसऱ्याच्या दुखण्यावर चिकटवायला मी धजत नाही. बायबलमधल्या, दुःखांनी घेरलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसले, तोवर ते चांगले मित्र होते. बोलायला लागले आणि शेवटी देवाचा राग ओढवून बसले. पण माझ्यापुरतं सांगायचं तर पुरेशी कृपा ही मला रोज त्या दिवसापुरतीच दिसली: आज ताकद आली, आज कुणी आलं, आज एक शब्द आला. उद्याची आज मिळालेली नाही. येशूकडे येऊन मुलाला बरं करा म्हणणाऱ्या, शुभवर्तमानातल्या त्या बापाची प्रार्थना मी अजून करते, “माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.” दोन्ही अर्धी माझ्या बाबतीत खरी आहेत.

आता हे काठी घेऊन चालतात. उजवा हात काम देत नाही. छोटी वाक्यं जुळतात, नावं अडतात. सकाळचं वाचन चालू आहे. एक ओवी मी, आणि तीच ओवी पुन्हा दोघं मिळून. एकट्याने वाचणं अजून जमत नाही. कुणाच्या घरी नुकताच असा प्रसंग आला असेल तर तेराव्या स्तोत्रापासून सुरुवात करा, मग बेचाळीस आणि त्रेचाळीस घ्या; अठ्ठ्याऐंशी वाचताना सोबत कुणीतरी असू द्या. माणूस खचलेला दिसला तर डॉक्टरांना सांगायला उशीर लावू नका. मंडळीला “काही लागलं तर सांगू” असं म्हणू नका, वार आणि वेळ सांगून मदत मागा. लोकांना ती करायची असते. आणि आमच्यासाठी एक प्रार्थना करा. धाकट्या मुलीचं नाव ह्यांना अजून घेता येत नाही. पहिलं अक्षर येतं, पुढचं निसटतं, आणि सध्या रोजची सगळी मेहनत त्याच एका नावावर चालली आहे.